जेलीफिनच्या युजरनेम-पासवर्डने आपल्या पोर्टलवर लॉगिन कसं करायचं: सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात महाल भागातल्या एका मंडळाकडे जुन्या कार्यक्रमांची बरीच रेकॉर्डिंग्ज आहेत, गणपतीतली नाटकं, मारबतीच्या मिरवणुका, कीर्तनं वगैरे, ती सगळी ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर जेलीफिन (आपल्याच मशीनवरून व्हिडिओ-ऑडिओ दाखवणारा मीडिया सर्व्हर) टाकून ठेवलीत आणि सभासदांना खाती दिलीत. आता तिथला एक कॉलेजचा पोरगा पायथन-फ्लास्कमध्ये (पायथन भाषेत वेबसाइट लिहायचं साधन) मंडळाचं छोटं पोर्टल लिहून राहिलाय आणि त्याला सभासदांना वेगळा पासवर्ड द्यायचा नाहीये, जेलीफिनचाच चालला पाहिजे. त्याने जेलीफिनच्या डॅशबोर्डवरून (ॲडमिनचं पान) एक एपीआय की, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरशी बोलायची किल्ली, काढली, तिने युजरची यादी आणली आणि टाइप केलेलं नाव यादीत सापडलं की आत सोडतो, पासवर्ड नेमका कुठे तपासायचा ते कळत नाही म्हणतो. नंतर लॉगिनचा एंडपॉइंट (सर्व्हरवरचा त्या कामाचा पत्ता) सापडला तर आधी नुसती एरर, मग कुठूनतरी हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) उचलून टाकल्यावर लॉगिन झालं, पण मोबाईलवर लॉगिन केलं की लॅपटॉपवरचं उडतं, आणि टेस्टिंगच्या नादात एका काकांचं खातंच बंद पडलं.

भाऊ, सगळ्यात आधी पोर्टल बंद कर आणि मग हे वाच. नाव यादीत आहे म्हणून आत सोडणं म्हणजे अध्यक्षांचं नाव माहीत असलेला कोणीही अध्यक्ष म्हणून आत येऊ शकतो, आणि मंडळात अध्यक्षांचं नाव कोणाला माहीत नसतं? त्यात भर म्हणजे जेलीफिनच्या लॉगिन पानावर जे युजर लपवलेले नाहीत त्यांची यादी विनालॉगिन मिळते, तिच्यासाठी वेगळा पब्लिक एंडपॉइंटच आहे, म्हणजे नावं हुडकायचीही गरज नाही.

एपीआय की ही मुळात या कामासाठी नाहीच. डॅशबोर्डवरून बनवलेल्या कीच्या मागे कोणी युजर नसतो, ती पूर्ण सर्व्हरची असते आणि तिला ॲडमिनचे सगळे अधिकार असतात, त्या कीने युजर बनवता येतो, उडवता येतो, कोणाचाही पासवर्ड बदलता येतो, लायब्ररीतली फाइलसुद्धा डिलीट करता येते. बॅकअपची स्क्रिप्ट, रात्रीचं लायब्ररी स्कॅन, नवीन सभासदांची खाती एकदम तयार करणं, अशा घरातल्या कामांना ती ठीक. पण सभासदाच्या नावाने जे काही होणार ते त्या सभासदाच्याच टोकनने (लॉगिन झाल्यावर सर्व्हर देतो ती ओळखीची खूण) झालं पाहिजे, ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सरळ आहे. सभासदाच्या टोकनला त्याच लायब्ररी दिसतात ज्या त्याला दिल्यात, त्याच्या टोकनने दुसऱ्याचं काही बिघडत नाही, आणि तो गेला की टोकन रद्द करता येतं. तू की वापरून त्याच्या नावाने यादी आणली तर ही सगळी तपासणी तुला स्वतः लिहावी लागणार आणि ती कुठेतरी सुटणारच. त्यामुळे पोर्टलच्या कोडमधून की काढून टाक, डॅशबोर्डवरही ती रद्द कर, आणि गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणारं साधन) चढवली असशील तर नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच.

आता लॉगिन. इथे मी नावं देवनागरीत लिहून राहिलोय, नेमकं स्पेलिंग तुझ्याच सर्व्हरच्या स्वॅगर पानावर (सगळ्या एंडपॉइंटची यादी) आहे, सर्व्हरच्या पत्त्यापुढे एपीआय-डॉक्स आणि मग स्वॅगर लावलं की उघडतं, आणि ते तुझ्याच व्हर्जनचं असतं म्हणून कुठल्याही जुन्या ट्युटोरियलपेक्षा जास्त भरवशाचं. एंडपॉइंट आहे युजर्सच्या खालचा ऑथेंटिकेट-बाय-नेम, पोस्ट रिक्वेस्ट, बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) जेसन स्वरूपात, आणि बॉडीत फक्त दोन फील्ड: एक युजरनेम आणि दुसरं पी-डब्ल्यू. दुसऱ्या फील्डचं नाव पासवर्ड असं पूर्ण नाही, फक्त पी आणि डब्ल्यू ही दोन अक्षरं, पहिलं कॅपिटल. पासवर्ड या पूर्ण नावाचं फील्ड जुन्या काळात होतं आणि त्यात पासवर्डचा शा-वन हॅश करून (मूळ पासवर्ड परत निघत नाही असं रूप बनवून) पाठवायचे, इंटरनेटवरचे कितीतरी नमुने अजून तेच दाखवतात आणि पोरं तासन् तास हॅश जुळवत बसतात. हॅश वगैरे काही करू नको, पासवर्ड जसा टाइप केला तसाच पाठव, वाटेत तो जपायचं काम एचटीटीपीएसचं (एन्क्रिप्टेड कनेक्शन) आणि तो तपासायचं काम सर्व्हरचं.

तुला सुरुवातीला जी एरर येत होती ती हेडरची. जेलीफिनला लॉगिनच्या वेळीच कळलं पाहिजे की कोणतं ॲप, कोणत्या डिव्हाइसवरून बोलून राहिलं, कारण टोकन हे युजर आणि डिव्हाइसच्या जोडीला मिळतं. म्हणून ऑथोरायझेशन नावाचं हेडर द्यावं लागतं, आणि त्याची किंमत (व्हॅल्यू) अशी दिसते:

मीडियाब्राउझर क्लायंट="मंडळ-पोर्टल", डिव्हाइस="फायरफॉक्स", डिव्हाइसआयडी="इथे लांब रँडम आयडी", व्हर्जन="१.०"

सुरुवातीचा मीडियाब्राउझर हा शब्द, मग स्पेस, मग स्वल्पविरामाने तोडलेल्या जोड्या, किमती दुहेरी अवतरणात. यातलं काही गाळलं तर पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर एरर फेकतो आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. लॉगिन झालं की पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला हेच हेडर, फक्त शेवटी टोकन="..." ही जोडी वाढवायची. एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरच्या नावाची एक्स-एम्बी वाली हेडरं तुला जुन्या कोडमध्ये जागोजागी दिसतील, कारण जेलीफिन हे २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बीमधून फुटून निघालं आणि एम्बीचं त्याआधीचं नाव मीडिया ब्राउझर होतं, तो सगळा वारसा एपीआयमध्ये उतरलाय. ती जुनी हेडरं जेलीफिनवाले हळूहळू काढून टाकून राहिले, म्हणून नवीन कोडमध्ये ती घालूच नको, सर्व्हर अपडेट केला आणि पोर्टल बसलं असं होईल.

आणि एक गोष्ट जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कधीच नसते कारण त्यांना ती लागत नाही. तू डिव्हाइसच्या जागी सभासदाने दिलेलं नाव टाकणार असशील, समजा "सीमाकाकूंचा मोबाईल", तर पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी रिक्वेस्ट पाठवायच्या आधीच मान टाकते, लॅटिन-वन कोडेक ही अक्षरं एनकोड करू शकत नाही अशी एरर देऊन. एचटीटीपी हेडरमध्ये देवनागरी सरळ जात नाही. बॉडीतल्या जेसनमध्ये काही अडचण नाही, तिथे यूटीएफ-८ असतं, अडचण फक्त हेडरची. इलाज सोपा आहे, युआरएल-लिबच्या पार्समधलं क्वोट फंक्शन त्या नावावर चालवायचं, पर्सेंट चिन्हांची माळ तयार होते, ती हेडरमध्ये टाकायची, जेलीफिन ती उलगडून डॅशबोर्डवर बरोबर "सीमाकाकूंचा मोबाईल" दाखवतं. हेडरमधल्या चारही किमतींना क्वोट लावायची सवय ठेव, कोणी नावात अवतरणचिन्ह किंवा स्वल्पविराम घातला तरी हेडर तुटत नाही.

लॉगिन जमलं की उत्तरात चार गोष्टी येतात: युजरची माहिती, सेशनची माहिती, ॲक्सेस टोकन आणि सर्व्हरचा आयडी. तुझ्या डेटाबेसमध्ये सभासद ओळखायला युजरचा आयडी वापर, नाव नाही. नाव ॲडमिन केव्हाही बदलू शकतो, आणि लॉगिन करताना जेलीफिन लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच धरतं, म्हणजे एकच माणूस दोन तऱ्हेने नाव टाइप करून आला तर तुझ्याकडे दोन सभासद तयार होतील. युजरच्या आत पॉलिसी नावाचा भाग असतो तो नीट वाच, ॲडमिन आहे का, बंद केलाय का, कोणत्या लायब्ररी दिसतात, सगळं त्यात आहे, पोर्टलवर कोणाला ॲडमिनचा मेनू दाखवायचा ते त्यावरूनच ठरव.

मोबाईलवर लॉगिन केलं की लॅपटॉपवरचं उडतं, याचं कारण डिव्हाइसआयडी. तू तिथे कोडमध्ये एकच शब्द कायमचा लिहून ठेवला असणार. त्याच युजरने त्याच डिव्हाइसआयडीने परत लॉगिन केलं की जेलीफिन आधीचं टोकन रद्द करून नवीन देतं, सर्व्हरच्या दृष्टीने ते एकच डिव्हाइस आहे ना, त्यावर दोन टोकनं कशाला. तुझ्या पोर्टलमुळे मंडळाचे सगळे मोबाईल आणि लॅपटॉप सर्व्हरला एकच डिव्हाइस वाटून राहिले. तर पहिल्यांदा ब्राउझर आला की एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा रँडम आयडी) बनव, वर्षभराच्या कुकीत ठेव, आणि दरवेळी तोच पाठव. काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि प्रत्येक लॉगिनला नवा आयडी बनवतात, तेही नको, टोकनला आपोआप एक्स्पायरी नसते म्हणून डॅशबोर्डच्या डिव्हाइस यादीत मेलेल्या नोंदींचा ढीग लागतो आणि त्या प्रत्येक नोंदीमागे एक जिवंत टोकन असतं. ऑफिसातल्या कॉमन कॉम्प्युटरवरून पाच जण येत असतील तर कुकीतल्या यूयूआयडीला युजरच्या नावाचा छोटा हॅश जोड, म्हणजे डिव्हाइस आणि माणूस दोन्ही मिळून आयडी वेगळा.

आता काकांचं खातं. ते बिघडलेलं नाही, लॉक झालंय. जेलीफिनमध्ये प्रत्येक युजरला किती चुकीचे प्रयत्न झाले की खातं बंद करायचं याची सेटिंग असते, तिथे शून्य असेल तर साध्या युजरला ३ आणि ॲडमिनला ५ प्रयत्न असा अर्थ होतो, आणि उणे एक टाकलं तर ही सोय बंद. सेटिंग चालू असताना मर्यादा ओलांडली की युजर डिसेबल होतो आणि काही वेळाने आपोआप उघडत नाही, ॲडमिनलाच डॅशबोर्डवर जाऊन टिक काढावी लागते. बहुतेक तुझ्या कोडमध्ये एरर आली की परत प्रयत्न करणारं लूप आहे, ते एका क्लिकमध्ये तीनदा चुकीचा पासवर्ड पाठवून मोकळं होतं. लॉगिनच्या रिक्वेस्टला आपोआप रिट्राय कधीच लावू नको. पासवर्ड चुकला तर तो चुकला, परत पाठवून बरोबर होत नाही. आणि हे ध्यानात घे की तुझ्या पोर्टलवर लॉगिनचा फॉर्म उघडा असला तर बाहेरचा कोणीही नुसती नावं टाकून सगळ्या सभासदांची खाती लॉक करू शकतो, म्हणून फॉर्मवर आयपीनुसार मर्यादा लाव, फ्लास्क-लिमिटरने काही ओळीत होते, आणि जेलीफिनमध्ये प्रत्येक युजरला लॉगिन पानावरून लपवायची सेटिंग आहे ती चालू कर. उणे एक टाकून सोय बंद करायचा मोह होईल, पण मग पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्याला पूर्ण मोकळं रान मिळतं, आणि सभासदांचे पासवर्ड बहुतेक मोबाईल नंबर असतात हे तुलाही माहीत आहे.

एरर कोड वेगवेगळे वाच, सगळ्याला एकच "लॉगिन झालं नाही" दाखवू नको. ४०१ म्हणजे नाव-पासवर्ड जुळला नाही किंवा टोकन चालत नाही, ४०३ म्हणजे माणूस ओळखला पण या कामाची परवानगी नाही, ५०३ म्हणजे सर्व्हर अजून उठून राहिला. हा शेवटचा आपल्याकडे फार महत्त्वाचा. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, यूपीएस बसला, लाइट आल्यावर पीसी सुरू झाला, तुझं फ्लास्क पटकन उठतं आणि जेलीफिनला जुन्या पीसीवर वेळ लागतो, त्या मधल्या वेळात कोणी पोर्टल उघडलं तर कनेक्शनच होत नाही किंवा ५०३ येतो, आणि तुझ्या कोडने त्याला ४०१ सारखंच वागवलं तर तो सगळ्यांचं लॉगिन पुसून टाकेल. टोकन सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असतात, रिस्टार्टने ती जात नाहीत, म्हणून फक्त ४०१ आल्यावरच टोकन फेक, बाकी वेळी "सर्व्हर सुरू होतोय, थोड्या वेळाने या" एवढं दाखव. हेल्थ नावाचा एक छोटा एंडपॉइंट आहे, त्याला लॉगिन लागत नाही, तो आधी विचारून घ्यायचा. आणि रिक्वेस्ट्सला टाइमआउट दे, न दिल्यास ती लायब्ररी अनंत काळ वाट पाहते आणि पोर्टल लटकतं.

टोकन ठेवायचं कुठे हा भाग लोक घाईत उरकतात आणि तिथेच पोळतात. फ्लास्कचं जे डिफॉल्ट सेशन आहे ते सगळं कुकीत असतं, त्यावर सही असते पण ते झाकलेलं नसतं, म्हणजे कोणी बदलू शकत नाही पण ज्याच्या हातात कुकी आली तो आतलं सगळं बेस-६४ उलगडून वाचू शकतो. जेलीफिनचं टोकन त्यात टाकलं तर ते ब्राउझरमध्ये उघडं पडलं. म्हणून टोकन सर्व्हरच्या बाजूला ठेव, रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) असलं तर उत्तम, नाहीतर एसक्यूलाइटची (एका फाइलीतला डेटाबेस) एक टेबल पुरते तुला, आणि कुकीत फक्त एक रँडम सेशन आयडी. कुकीवर एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट हे तिन्ही झेंडे (सुरक्षेच्या खुणा) लाव. पासवर्ड मात्र कुठेही साठवू नको, डेटाबेसमध्ये नाही, लॉगमध्ये नाही, "नंतर टोकन गेलं तर परत लॉगिन करायला" म्हणूनही नाही. लॉगिन झालं की त्या व्हेरिएबलचं काम संपलं.

इथे तुला एक निवड करायची आहे. पोर्टलला जर सभासद कोण एवढंच कळायला हवं असेल, म्हणजे वर्गणीची पावती, नाटकाच्या तालमीचं वेळापत्रक असं दाखवायचं असेल आणि जेलीफिनमधून काहीच आणायचं नसेल, तर लॉगिन कर, युजरचा आयडी घे, आणि लगेच सेशन्सच्या खालच्या लॉगआउट एंडपॉइंटला त्याच टोकनने पोस्ट मारून ते टोकन संपवून टाक, पुढे तुझं स्वतःचं सेशन चालू दे. साठवलेलंच काही नाही तर चोरीला जाणार काय. फक्त यात एक उणीव राहते की अध्यक्षांनी नंतर कोणाचं खातं बंद केलं तर पोर्टलला ते कळत नाही, म्हणून तुझ्या सेशनचं आयुष्य छोटं ठेव, दिवसभर पुरे. आणि पोर्टलवरच "तुम्ही अर्धवट पाहिलेलं" किंवा "नवीन आलेली रेकॉर्डिंग्ज" दाखवायची असतील तर टोकन ठेवावंच लागेल, मग दर काही मिनिटांनी युजर्सच्या खालचा "मी" (इंग्रजी एम-ई) एंडपॉइंट त्या टोकनने विचार, उत्तर आलं तर माणूस अजून आत आहे आणि ताजी पॉलिसीही मिळाली, ४०१ आलं तर बाहेर काढ. पासवर्ड बदलला, खातं बंद झालं, ॲडमिनने डिव्हाइस उडवलं, या तिन्ही वेळी जुनं टोकन मरतं, तुला वेगळं काही लिहायची गरज नाही. सभासदाने पोर्टलवर लॉगआउट दाबलं तर नुसती कुकी पुसू नको, जेलीफिनचं लॉगआउटही मार, नाहीतर ते टोकन जिवंतच राहतं.

एक सापळा असा आहे की जो कोड व्यवस्थित चालत असतानाही राहतो. तुझं पोर्टल आणि जेलीफिन एकाच पीसीवर आहे, पोर्टल लोकलहोस्टच्या (म्हणजे त्याच पीसीच्या) ८०९६ पोर्टवर, जो जेलीफिनचा नेहमीचा पोर्ट, बोलतं, म्हणजे जेलीफिनला प्रत्येक सभासद घरातल्याच नेटवर्कवरून आल्यासारखा दिसतो. जेलीफिनमध्ये एखाद्या युजरला बाहेरून यायची मनाई करता येते, ती तपासणी आयपीवर चालते, आणि तुझ्या पोर्टलमार्गे आलेल्याला ती लागूच होत नाही. मंडळाने काही खाती फक्त ऑफिसातल्या टीव्हीसाठी ठेवली असतील तर ती पोर्टलवरून जगभरातून चालतील. पॉलिसीत एनेबल-रिमोट-ॲक्सेस फील्ड आहे, ते फॉल्स असेल तर पोर्टलने स्वतःच नाही म्हणायचं. त्या टीव्हीवाल्या खात्यांना अनेकदा पासवर्डच नसतो, जेलीफिन तसं चालवून घेतं, म्हणून रिकामा पासवर्ड आला तर सर्व्हरला विचारायच्या आधी फॉर्मवरच परत पाठव. याच लोकलहोस्टमुळे फेल-टू-बॅनसारखं (चुकीचे प्रयत्न करणाऱ्या पत्त्याला अडवणारं साधन) काही लावलं असेल तर त्याला सगळे चुकीचे प्रयत्न एकाच पत्त्यावरून दिसतात आणि ते पोर्टललाच बॅन करतं. मध्ये प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पोचवणारा सर्व्हर) ठेवत असशील तर खरा आयपी पुढे पाठव आणि जेलीफिनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नोन प्रॉक्सीजमध्ये त्या प्रॉक्सीचा पत्ता टाक, तरच ते तो आयपी मानतं.

आता मला सगळ्यात आवडणारी पद्धत सांगतो, आणि तुमच्या मंडळात वयस्कर सभासद जास्त असतील तर मी हीच आधी लावायला सांगेन. क्विक कनेक्ट. यात पोर्टल पासवर्ड मागतच नाही. पोर्टल सर्व्हरला क्विक कनेक्ट इनिशिएट अशी पोस्ट रिक्वेस्ट मारतं, सर्व्हर दोन गोष्टी देतो, एक लांब सीक्रेट आणि एक ६ आकडी कोड. सीक्रेट पोर्टलने स्वतःकडे ठेवायचं, ब्राउझरला द्यायचं नाही, कोड स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवायचा. सभासदाच्या मोबाईलवर जेलीफिनचं ॲप आधीच लॉगिन असतं, तिथे क्विक कनेक्टमध्ये जाऊन तो कोड टाकतो. तोवर पोर्टल दर काही सेकंदांनी ते सीक्रेट देऊन विचारत राहतं की मंजूर झालं का, आणि झालं की ऑथेंटिकेट-विथ-क्विक-कनेक्ट या एंडपॉइंटला सीक्रेट पाठवून नेहमीसारखंच टोकन घेतं. पुढचं सगळं वर सांगितल्यासारखंच. कोड १० मिनिटांत मरतो, म्हणून पोलिंग (हे विचारत राहणं) कायमचं चालू ठेवू नको, मुदत संपली की नवीन कोडचं बटण दाखव. डिव्हाइसआयडीचं हेडर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच राहू दे. या पद्धतीत पोर्टलच्या कोडमध्ये पासवर्ड कधी येतच नाही, तू उद्या कोणाला कोड दाखवलास, कोणी त्यात काही घुसवलं, तरी सभासदांचे पासवर्ड गळायला जागा नाही, आणि चुकीच्या पासवर्डने खातं लॉक व्हायचा प्रश्नही येत नाही. फक्त सर्व्हरवर ही सोय चालू आहे का ते एनेबल्ड एंडपॉइंटला विचारून घे, बंद असेल तर पासवर्डचा फॉर्म दाखव.

पोर्टलवरच व्हिडिओ लावणार असशील तर एक काळजी. ब्राउझरच्या व्हिडिओ टॅगला हेडर लावता येत नाही, म्हणून लोक टोकन सरळ युआरएलमध्ये क्वेरी म्हणून चिकटवतात, जेलीफिन ते मानतंही. पण मग ते टोकन एनजिनेक्ससारख्या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये जातं, ब्राउझरच्या हिस्टरीत जातं, आणि कोणी "हे नाटक पाहा" म्हणून लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की पूर्ण ग्रुपला त्या सभासदाचं खातं मिळतं. मी तरी व्हिडिओ जेलीफिनच्याच वेब पानावर उघडायला देईन, तिथे सभासदाचं स्वतःचं लॉगिन असतं. फारच हवं असेल तर पोर्टलमधून प्रॉक्सी कर आणि टोकन आतल्या आत लाव, पण जुन्या पीसीला तो जास्तीचा भार झेपतो का ते आधी पाहून घे. ॲडमिनची की मात्र व्हिडिओच्या युआरएलमध्ये कधीच, कोणत्याही कारणासाठी घालू नको.

बाहेरून पोर्टल उघडायचं तर एचटीटीपीएस पाहिजेच, त्यात वाद नाही, पासवर्ड बॉडीत साधा जातो हे वर सांगितलंच. डोमेन असेल तर कॅडी हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर लाव, ते लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट स्वतःच आणतं आणि स्वतःच रिन्यू करतं. ब्रॉडबँडवाल्याने खरा पब्लिक आयपी दिला नसेल, जे इथे बऱ्याच कनेक्शनला असतं, तर पोर्ट फॉरवर्डिंग करून काही होत नाही, तेव्हा टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क (व्हीपीएन) वापर, मोजक्या सभासदांना ते पुरतं आणि पीसी उघड्या इंटरनेटवर येत नाही. ८०९६ थेट राउटरवरून बाहेर उघडू नको.

तू शेवटी विचारलंस की पुढे प्लेक्स या दुसऱ्या मीडिया सर्व्हरवर गेलो तर हाच कोड चालेल का. नाही. प्लेक्समध्ये युजर तुझ्या सर्व्हरचा नसतो, प्लेक्सच्या खात्याचा असतो, तिथे त्यांच्या साइटकडून पिन घ्यायचा, माणसाला त्यांच्या लॉगिन पानावर पाठवायचं आणि तो परत येईपर्यंत पिन विचारत राहायचं, टोकन मिळतं. यात जी गोष्ट सुटते ती ही की टोकन मिळालं याचा अर्थ फक्त "याचं प्लेक्सवर खातं आहे" एवढाच, जगातल्या कोणाचंही असू शकतं. त्या टोकनने रिसोर्सेसची (त्याला मिळालेल्या सर्व्हरची) यादी मागायची आणि त्यात तुझ्या सर्व्हरचा मशीन आयडी आहे का ते पाहायचं, तरच आत सोडायचं. एम्बी मात्र जवळजवळ सारखं आहे, तोच ऑथेंटिकेट-बाय-नेम, हेडरच्या सुरुवातीचा शब्द तेवढा एम्बी. आणि कीर्तनांसाठी नॅव्हिड्रोम (फक्त ऑडिओचा सर्व्हर) टाकायचा विचार असेल तर ते सबसॉनिक या जुन्या संगीत सर्व्हरचा एपीआय बोलतं, तिथे पासवर्डला सॉल्ट (रँडम अक्षरं) जोडून एमडी-५ हॅश काढतात आणि तो दर रिक्वेस्टला जातो, त्यासाठी सर्व्हरला मूळ पासवर्ड परत काढता येईल असा ठेवावा लागतो, म्हणून तिथे जेलीफिनवालाच पासवर्ड देऊ नका. सगळीकडे एकच पासवर्ड हवा असा मंडळाचा आग्रह असेल तर एलडॅप (सगळी खाती एकाच जागी ठेवायची व्यवस्था) हा रस्ता आहे, जेलीफिनला त्याचं प्लगइन मिळतं, आणि तुझ्या कोडमध्ये एक ओळही बदलत नाही कारण लॉगिनचा एंडपॉइंट तोच राहतो, तपासणी मागे एलडॅप करतं.

सुरू करायच्या आधी एक टेस्ट खातं बनव, काकांच्या खात्यावर प्रयोग नको. त्यावर चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड, मोबाईल आणि लॅपटॉप एकाच वेळी, देवनागरी डिव्हाइस नाव, लॉगिन असताना डॅशबोर्डवरून खातं बंद करणं, आणि जेलीफिन बंद करून पोर्टल उघडणं, हे सगळं करून पाहा आणि प्रत्येक वेळी पोर्टल काय दाखवतं ते लिहून ठेव. कुठे अडलास तर जेलीफिनच्या लॉगमधली त्या वेळेची ओळ आणि तू पाठवलेलं हेडर इथे टाक, टोकन आणि पासवर्ड खोडून, म्हणजे लगेच सांगता येईल.